गेल्या वर्षीची तारीख

सर्व्हर रूममध्ये मशीनच्या कपाटावर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवलं की मशीन शहाण्यासारखं वागतं, हे आमच्या शिनचू शहरात शेंबडं पोरही सांगेल. पाकीट हिरवंच हवं आणि मुदत संपलेलं चालत नाही. ही मशीनं सांभाळणारा आमचा लो दादा वारल्यावर ती पाकिटं आम्ही इमानेइतबारे बदलत राहिलो. सर्टिफिकेट बदलायचं मात्र एकाच्याही डोक्यात आलं नाही. हसावं की रडावं!

सगळी मशीनं जिथून चालवायची, त्या मुख्य मशीनचं हे सर्टिफिकेट, म्हणजे त्याचं ओळखपत्रच. त्याची मुदत संपली की पासवर्ड बरोबर असला तरी मशीन आत घेत नाही. आठवणीचे मेल येत होते, पण दादाच्या नावावर. ते वाचायला दादा कुठे होता?

सकाळपासून कुणालाच लॉगिन होईना आणि नेमक्या आजच लो वहिनी आल्या. ऑफिसचं जुनं फोनचं मशीन आज मोडीत निघणार होतं. त्यात दादाचा आवाज होता, तो जागेवर नसला की फोन करणाऱ्याला ऐकू येणारा. वहिनींकडे फोटो ढीगभर होते, आवाज कुठेच नव्हता.

"अ-जुइ, मिळेल ना रे?" मुळा भरलेल्या, उकडीच्या छाईपाओचा डबा पुढे करत त्यांनी विचारलं.

"मिळेल की, वहिनी. मशीन जरा रुसलंय."

"यांच्याच हाताखालचं ना? मग रुसणारच."

त्या जुन्या मशीनची डिस्क चिरडायला नेणारी गाडी खाली येऊन उभी होती. शेवटी मी दादानेच शिकवलेली युक्ती केली. मुख्य मशीनलाच कीबोर्ड जोडला आणि ते सुरू होतानाच, लॉगिनच्या आधी, त्याचं घड्याळ मागे नेलं. वर्षाचा एक आकडा बदलला, बस. मुदत अजून शिल्लक आहे असं समजून मशीनने मुकाट्याने आत घेतलं.

आवाज सापडला. "मी लो. आत्ता जागेवर नाही. निरोप ठेवा, येतोच." मागे कुणीतरी हसत होतं, बहुतेक मीच.

वहिनींनी तो पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. आवाज त्यांच्या फोनमध्ये घालून दिला, तेव्हा त्यांचं लक्ष पडद्यावरच्या तारखेकडे गेलं.

"ही गेल्या वर्षीची?"

"हो. आता नवं सर्टिफिकेट करायचं आणि घड्याळ पुढे आणायचं. नाहीतर बाकीची मशीनं याच्याशी बोलणार नाहीत."

"या तारखेला हे होते रे."

माझा हात कीबोर्डवर होता, तो मी काढून घेतला.

"राहू दे ना घड्याळ तिथेच. मी एवढं एक खाईपर्यंत."

खालून गाडीवाल्याचा फोन वाजत होता. मी उचलला नाही. वहिनी छाईपाओचे बारीक बारीक तुकडे करून खात होत्या. इतकं सावकाश खाणारं माणूस मी पाहिलेलं नाही. शेवटचा तुकडा त्यांनी हातातच धरून ठेवला.