मी मुद्दाम तुंबलो

मी सिंक बोलतोय. स्वयंपाकघरातला, खिडकीखालचा, भांडी घासायचा. आजवर माझ्या तोंडून तुम्ही फक्त एक गुडगुड ऐकली असेल आणि पाणी गेलं असं समजून पुढच्या कामाला लागला असाल. ती गुडगुड म्हणजे माझं मत होतं. ते कुणी कधी विचारात घेतलं नाही, म्हणून आज जरा स्पष्ट बोलतो.

माफी मागायला मी तोंड उघडलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्यावर आरोप असा आहे, की ऐन रविवारी, घरात पाहुणी आलेली असताना, मी तुंबलो. आरोप खरा आहे. तशी वेळ पुन्हा आली तर पुन्हा तुंबेन.

जन्माने मी पोलादाचा पत्रा. एका अवाढव्य यंत्राने एकाच दणक्यात माझ्या अंगाला खड्डा पाडला. माणसांना खोली यायला उभा जन्म धक्के खावे लागतात, आणि तरी पुष्कळांना येत नाही. मला ती तिथल्या तिथे आली. एका कामगाराने मला उलटा धरला, टिचकी मारली आणि म्हणाला, "चालेल." माझ्या आयुष्यातलं ते पहिलं प्रशस्तिपत्र, आणि बहुधा शेवटचंही.

पुढे एका प्लंबरने मला या तिसऱ्या मजल्यावरच्या ओट्यात बसवलं. माझ्याखाली त्याने एक वाकडी नळी जोडली आणि घरमालकिणीला समजावलं, "बाई, या वाकात थोडं पाणी कायम अडून राहतं, म्हणून खालचा वास वर येत नाही. पण नको ते आत टाकलंत तर तेही इथेच अडेल. ही वाकडी आहे म्हणून घराची अब्रू सरळ आहे."

घरमालकीणबाईंनी ते लक्षात ठेवलं. बरीच वर्षं त्यांनी मला असा लख्ख ठेवला, की शेजारणी माझ्यात बघून केस नीट करून घेत. मग त्यांचे गुडघे कुरकुरू लागले. त्या माझ्या थेट खालच्या घरात राहायला गेल्या आणि हे घर त्यांनी भाड्याने दिलं. तेव्हापासून माझ्या वाट्याला तरुण मंडळी आली. पहिल्यांदाच घराबाहेर पडलेली, आईने दिलेली नवी कोरी भांडी घेऊन आलेली आणि भांडी नवी कोरी राहण्यामागे कुणाचा तरी हात असतो याचा पत्ता नसलेली.

त्यांच्या तऱ्हा काय सांगाव्यात. एकाने अंडी उकडण्याआधी साबणाने घासली. एकाने भांड्यांच्या साबणाची अर्धी बाटली एकाच कपावर ओतली, मग फेस ओट्यावरून खाली उतरू लागला तेव्हा खोलीचं दार लावून घेतलं. आणि "भिजत ठेवलंय" हे वाक्य तर प्रत्येकाला घर सोडताना कुणीतरी कानात सांगूनच पाठवतं. कचेरीत नोकरी करणारा एक भाडेकरू सांगायचा, की जे काम करायचंच नसतं त्याच्या फाइलवर 'विचाराधीन' असा शेरा मारतात. माझ्यात तळाशी बसलेली पातेली अशीच विचाराधीन असत.

तरी त्या सगळ्यांचं मी पोटात घातलं. माझी सहनशक्ती संपवली ती शेवटी आलेल्या बहीणभावाने. बहिणीने नव्हे, भावाने.

बहीण एका कचेरीत इमारतींचे नकाशे काढते. तिला घरात ताई म्हणतात. भाऊ तिच्याहून दोन वर्षांनी लहान, म्हणून तो धाकटा. धाकटा एका दुकानात फोन दुरुस्त करायला शिकतो. तांदळाच्या दाण्याएवढे स्क्रू चिमट्याने उचलून जागच्या जागी बसवतो. त्याच हातांना ताट उचलायचं म्हटलं की मुंग्या येतात.

आल्या दिवशीच त्यांच्या वडिलांचा फोन आला. ताईने तो स्पीकर लावून ओट्यावर ठेवला होता, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. वडील म्हणाले, "धाकटा सोबत आहे म्हणून तुला पाठवलंय. त्याचं खाणंपिणं, धुणंभांडी तू बघायची. ते जमणार नसेल तर नोकरी सोडायची आणि सरळ घरी यायचं."

ताई "हो" म्हणाली नाही. "ऐकलं," एवढंच म्हणाली.

पहिल्या आठवड्यात तिने धाकट्याला माझ्यासमोर उभं केलं. "हे बघ, आधी खरकटं डब्यात काढायचं. मग घासायचं, मग विसळायचं, मग पालथं घालायचं. काही अवघड नाही."

धाकटा जादूचे प्रयोग बघावेत तसा बघत राहिला. "काय सफाईने करतेस गं तू. मला नाही बाबा असं जमायचं."

स्तुती हे आळशी माणसाचं फार जुनं हत्यार आहे. आईवर ते वर्षानुवर्षं चाललं असावं. ताईवर चाललं नाही. तिने स्वतःचं एक ताट, एक वाटी, एक पेला आणि एक चमचा वेगळा काढला. जेवण झालं की ते घासायची, पुसायची आणि आपल्या खोलीत नेऊन ठेवायची. उरलेल्या सगळ्या भांड्यांचा धनी धाकटा.

मग माझ्यात डोंगर उभा राहू लागला. धाकट्याची कल्पकता मात्र मानली पाहिजे. ताटं संपली तेव्हा तो झाकणावर जेवला. झाकणं संपली तेव्हा तव्यात जेवला. चहा तो तांदूळ मोजायच्या मापातून पिऊ लागला. एवढं डोकं भांडी घासण्यात लावलं असतं, तर त्यातलं निम्मं शिल्लक राहिलं असतं.

"ताई, एकसुद्धा वाटी स्वच्छ नाही."

"माझी आहे."

"मग दे ना."

"सांगितलं ना, माझी आहे."

त्यातच एकदा त्याने मांस परतलं आणि कढईतली उरलेली चरबी गरम गरम माझ्यात ओतली. ताई ओरडली, तर म्हणाला, "पातळ आहे, जाईल." पातळ होतीच, थंड होईपर्यंत. मग ती माझ्या वाकड्या नळीत जाऊन बसली. तिच्यावर भाताची शितं, चहाचा चोथा आणि बटाट्याची सालं येऊन टेकली. माझ्या घशात आवंढा दाटला. तरी मी थेंब थेंब का होईना, पाणी खाली सोडत होतो.

अशात निरोप आला, रविवारी आई येतेय.

धाकट्याची कळी खुलली. "चला, म्हणजे आता तू घासशीलच."

"मी का घासेन?"

"आई बघेल ना हे सगळं. घरी जाऊन बाबांना सांगेल. मग बाबा तुला परत बोलावतील."

हे त्याने दुष्टपणाने म्हटलं असतं तर मला एवढं लागलं नसतं. पावसात छत्री लागते, इतक्या सहजपणे तो बोलून गेला.

शनिवारी संध्याकाळी ताई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. सोमवारपासून कचेरीत तिला पहिल्यांदाच स्वतंत्र काम मिळणार होतं, एका शाळेच्या इमारतीचा अख्खा जिना. आतापर्यंत ती दुसऱ्यांनी काढलेल्या रेघा पुसायची आणि जाड करायची. तिने बाह्या वर केल्या, नळ सोडला, वरचं ताट उचललं.  तासाभराचं काम होतं. नोकरी टिकली असती, आई खूश झाली असती, कुणाला काही कळलं नसतं. ताईने ते ताट जिथून उचललं होतं तिथेच, त्याच कोनात परत ठेवलं आणि नळ बंद केला. माझी तिच्याशी मैत्री झाली ती त्या क्षणी.

आई आली. तिने मला पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि बाह्या वर करू लागली.

"आई, तू बस."

"बसते गं, एवढं उरकून."

"ती त्याची भांडी आहेत."

"असू देत. लहान आहे तो."

"माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे, दोन हातांनी नाही."

आईने मान हलवली. "तुझे बाबा विचारणार मला, घर कसं ठेवलंय म्हणून. काय सांगू?"

"जे दिसतंय ते सांग."

"मग म्हणतील, तिला घेऊन ये."

"म्हणू देत. मी येणार नाही."

धाकटा दाराला टेकून फोनमध्ये डोकं घालून उभा होता. मान वर न करता म्हणाला, "ताई, कशाला वाद घालतेस? आई करतेय ना."

त्या वाक्यावर माझा निर्णय झाला. आईने नळ सोडला आणि मी गळा आवळला. पाणी चढू लागलं. झाकणं तरंगली, माप बुडालं. आईने नळ बंद केला, कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपला, पण मी काही ऐकलं नाही. खाली नळीच्या जोडातून पाणी झिरपायला लागलं आणि वाट काढत खालच्या घरात उतरलं.

थोड्याच वेळात घरमालकीणबाई एकेक पायरी चढत वर आल्या. एवढ्या वर्षांनी मला भेटायला येतील असं वाटलं नव्हतं. धापा टाकत म्हणाल्या, "मी सूप पीत होते. पीत होते, तरी ते वाढत होतं. तेव्हा वर बघितलं."

आई कानकोंडी झाली. "माफ करा हं. मी बघते काय झालंय ते."

घरमालकीणबाईंनी माझ्याखाली वाकून नळी हाताने ठोकून पाहिली. "हिच्यात चरबी ओतलीय कुणीतरी. तुम्ही ओतलीत का?"

"छे, मी तर आत्ता आले."

"मग तुम्ही का बघताय?"

साधाच प्रश्न होता.  आईने आपल्या ओल्या हातांकडे बघितलं. मग बाह्या खाली केल्या आणि हाक मारली, "बाळ, फोन ठेव. इकडे ये."

बाळ आला. त्याने माझ्याखाली बादली ठेवली आणि नळीचं मोठं प्लास्टिकचं चाक फिरवलं. आधी चुकीच्या बाजूला, मग बरोबर. नळी सुटली. माझ्या पोटातलं सगळं बादलीत धबाधबा उतरलं. त्याला असा काही वास होता, की धाकट्याचा चेहरा हिरवा पडला. पण त्याने नेट धरला. एका हातात नळी, दुसऱ्या हातात भरलेली बादली घेऊन तो उठला, इकडेतिकडे बघितलं आणि घाण पाणी ओतायला त्याला या घरात एकच जागा आठवली. त्याने ती बादली माझ्यात रिकामी केली.

खाली नळी नव्हती. मी काय करणार? आलं तसं खाली सोडलं, सगळंच्या सगळं, त्याच्या पायांवर.

 धाकट्याने आपल्या पायांकडे बघितलं, मग माझ्या खाली बघितलं. "नळी कुठे गेली?"

"तुझ्या हातात आहे," ताई म्हणाली.

पहिली हसली ती आई. तोंडावर हात धरून, मग हात काढून, मग खुर्चीत बसून. घरमालकीणबाई सूप परत गरम करायला निघून गेल्या.

धाकट्याने फरशी पुसली, चमच्याने खरवडून नळी साफ केली आणि मग बाहेरचा उजेड कमी होईपर्यंत तो माझ्यासमोर उभा राहिला. एक कप फोडला. दोन पातेली बाहेरून घासली आणि आतून विसरला. आई खुर्चीत बसून होती. बसायची सवय नसलेले तिचे हात उगाचच टेबल पुसत होते. तीनदा ती उठू लागली, तीनदा ताईने तिला खांदा धरून बसवलं.

तेवढ्यात वडिलांचा फोन आला. ताई तिला उठू देत नव्हती, म्हणून आईने तो स्पीकर लावून टेबलावर ठेवूनच घेतला.

"काय गं, करते का ती सगळं?"

"स्वतःचं करते."

"आणि त्याचं?"

"त्याचं तो करतोय."

"मग ती काय करतेय?"

"माझ्याशी गप्पा मारतेय."

 पलीकडचा आवाज चढला. "हे असं चालणार असेल तर तिला म्हणावं, सामान बांध आणि उद्या तुझ्याबरोबर ये."

ताई ताठ उभी राहिली. धाकट्याच्या हातातला पेला थांबला. मीही नळाचा थेंब धरून ठेवला.

आई म्हणाली, "ती येणार नाही. आणि मीही उद्या येत नाही. तिला जिना काढायला दिलाय, अख्खा. तो बघूनच येईन म्हणते."

"आणि माझ्या जेवणाचं काय?"

"तांदूळ डब्यात आहेत. आजचं ताट कुठे ठेवलंत?"

"कुठे म्हणजे? सिंकमध्ये."

"मग आधी ते घासा," आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला. 

हे सगळं झालं त्या रविवारी. जिन्याचा नकाशा पुरा झाला, आई तो बघून घरी गेली, ताई इथेच आहे. धाकटा सुधारला असं मी म्हणणार नाही. कुरकुरतो, साबण कमी घालतो, विसळतो तर निम्मं पाणी शर्टावर घेतो. पण आपली भांडी आपण घासतो. परवा त्याच्या दुकानातला एक मित्र जेवायला आला होता. खाऊन झाल्यावर ताट तिथेच सोडून उठला, तेव्हा धाकटा म्हणाला, "ए, हॉटेल नाही हे." मी गुडगुड केली. या वेळी ते हसू होतं.

अशा मनोगताच्या शेवटी हात जोडून विनंती करायची पद्धत आहे म्हणतात. मला हात नाहीत. तुम्हाला आहेत. ते ओले करा.