माती झाली!

तळवलीत सकाळचे ऊन उशिरा येते. पूर्वेचा डोंगर ओलांडून ते आधी कौलांवर उतरते, मग कुडाच्या भेगांतून परसात झिरपते, केळीच्या पानावर जरा रेंगाळते आणि सर्वांत शेवटी माझ्या पाठीवर पसरते. त्या उन्हात माझ्या अंगातून वाफ निघताना दिसते. मित्रांनो, मी वेणूबाईंच्या परसातला एक जुना उकिरडा आहे.

माझ्या पोटात शेण, पेंढा, माशांचे खवले पडत. डोळ्यांना न दिसणारे जीव ते कुजवू लागत आणि त्यांच्या धगीने मी तापत असे. निवलो की बुरशीचे पांढरे धागे पसरत. मग खालून गांडुळे वर येत. कुजलेले गिळत आणि मागे काळे, मोकळे कण सोडत. वैशाखात वेणूबाईंचे यजमान गंगाराम मूठभर उचलून हुंगत आणि ओरडत, "वेणू गो, माती झाली! टोपल्या आन!"

"माज्या कालवनाला कदी असं नाय हुंगलंत," वेणूबाई फणकारत.

टोपल्या भरून मी भाताच्या खाचरांत जाई. 'माती झाली' याहून मोठी शाबासकी मला ठाऊक नव्हती.

सत्तरच्या दशकात नवे शहर वसवायचे ठरले आणि त्यासाठी गावच्या शेतजमिनी घेण्याच्या सरकारी नोटिसा आल्या. एका सकाळी गंगाराम बाहेरून आले आणि ओट्यावर बसले.

"काय झालं?" वेणूबाईंनी विचारले.

"काय व्हायचं? आपली माती झाली."

मला आनंद झाला! त्यांनी मला हुंगले नव्हते, आवाजही खोल गेला होता. तरी मी टोपल्यांची वाट पाहू लागलो. त्या आल्या नाहीत. टोपल्या मोडल्या असतील, असे मी स्वतःला समजावले. बैल विकले गेले. पुढे गंगारामही गेले. माझ्यावर प्लास्टिकच्या पिशव्या पडू लागल्या. गांडुळे त्यांच्यापाशी येत आणि मागे वळत. मी तरीही माती करीतच राहिलो.

आज सकाळी वेणूबाईंचा मुलगा दिलीप फावडे घेऊन आला. "आये, ही घान काडतो. इथं खोली बांधू."

"घान नको बोलू. खाली माती झालेली हाय. आदी ती शेतात नेऊन..."

वेणूबाई मध्येच थांबल्या.

"कुटल्या शेतात, आये?"

मागच्या दारातून त्यांनी माळ्याकडे पाहिले.

मित्रांनो, जे कुजते ते मातीला परत द्या. पिशवीत कोंडू नका. एवढेच मागून मी थांबणार होतो. पण टोपल्या कधीच मोडल्या नव्हत्या. त्या अजून माळ्यावर आहेत. शेत नाही.