कळकलेले पन्हे

मित्रांनो, मी पितळेचे एक जुने तपेले आहे. पोट मोठे, काठाला दोन जाड कड्या, वर घट्ट बसणारे झाकण. साताऱ्याच्या एका तांबटाने मला ठोकून घडवले. नयनाच्या लग्नात मी तिच्याबरोबर निघाले आणि आगगाडीच्या बाकाखाली बसून लखनौला आले. तिचे नाव माझ्या काठावर कोरलेले आहे. तिला मी नयनाच म्हणते, कारण आम्ही एका घरून आलो. तिच्या नवऱ्याला मात्र हेमचंद्रराव म्हणते. ते मानक नगरात रेल्वेच्या संशोधन कार्यालयात होते.

स्टीलच्या भांड्यांच्या त्या घरात मला काम वर्षातून एकदाच असे, पण ते मानाचे असे. चैत्रातल्या एका रविवारी आमच्या कॉलनीतली मराठी कुटुंबे सहलीला निघत. सरोजिनी नगरच्या पुढे बस सोडायची आणि एका गावाचे गायरान पायी ओलांडायचे. पलीकडे विटांच्या टेकाडावर पडका मठ आहे. कुणी म्हणतात बौद्ध भिक्षूंचा, कुणी म्हणतात गोसाव्यांचा. छप्पर कधीच गेले. भिक्षूंच्या लहान खोल्यांच्या कमरेएवढ्या भिंती तेवढ्या उरल्या आहेत. तिथे सतरंज्या पसरून हळदीकुंकू व्हायचे, वाटली डाळ आणि पन्हे. पन्हे माझ्यात. एक कडी हेमचंद्ररावांच्या हातात, दुसरी नयनाच्या. नवी बिऱ्हाडे हसत, "एवढं ओझं कशाला? थर्मास मिळतात की!" पहिला पेला प्यायले की गप्प बसत.

दर फाल्गुनात नयना मला रिक्षात घालून जुन्या बाजारात नेई. "तपेलं नीट करून आणते," एवढेच सांगे. हेमचंद्रराव पेपरातून मान वर न करता "बरं" म्हणत.

गेल्या आश्विनात नयना गेली. आजारपण लांबले नाही. हेमचंद्ररावांनी डबा लावला. मी माळ्यावर राहिले.

चैत्र लागला तेव्हा शेजारच्या अनघाताई आल्या. त्या नयनाच्या मैत्रीण.

"भावजी, यंदा सहल राहू दे. शहरात एखाद्या हॉटेलात जेवू सगळे."

"वहिनी, सहल होणार. आणि पन्हं मी करणार."

एकदा खंड पडला की ही सहल कायमची बंद पडेल, हे हेमचंद्ररावांना माहीत होते. नयनाने सुरू केलेले तेवढेच चालू राहिले होते.

त्यांनी शनिवारी कैऱ्या उकडल्या, गर काढला, गूळ घातला, वेलची कुटली आणि सगळे माझ्यात ओतून ठेवले. मित्रांनो, पन्हे उत्तम जमले होते. पण माझ्या आतली कल्हई झिजली होती आणि पितळ उघडे पडले होते. आंबट पदार्थ उघड्या पितळेत राहिला की कळकतो, विषारी होतो. मला ते कळत होते, पण तपेल्याला सांगता कुठे येते?

रविवारी दुसरी कडी राजसने धरली. तो बँकेत नोकरीला, कॉलनीत नवाच.

"काका, आत काय मठाच्या विटा भरल्यात?"

"पिऊन बघ, मग बोल."

काटेसावरीची लाल फुले वाटेवर पडली होती. गायरानात शेळ्या चारणारी बाई दरवर्षीची ओळखीची. तिने विचारले, "बाबूजी, इस बार दीदी नहीं आईं?"

"नहीं आ पाईं," हेमचंद्रराव म्हणाले. "हम आए हैं।" आणि झपाझप चालू लागले.

मठात त्यांनी स्वतः पेले भरले. वाढणाऱ्याने शेवटी प्यायचे, म्हणून स्वतः घेतले नाही. राजसने घोट घेतला आणि त्याचा चेहरा कसनुसा झाला. "मस्त झालंय, काका." त्याची बायको हिमानी लखनौतच वाढलेली. "बहुत अच्छा है अंकल," म्हणाली, पण पेला नुसता ओठाला लावून राहिली. सगळ्यांना वास आला होता. सगळे हेमचंद्ररावांकडे पाहत होते आणि दया म्हणून पिणार होते. मग सगळे आजारी पडले असते, पुढच्या वर्षी कुणी आले नसते, आणि का ते हेमचंद्ररावांना कुणीच सांगितले नसते.

अनघाताईंनी पेला हुंगला आणि उठून त्या माझ्यात डोकावल्या.

"थांबा! कुणी पिऊ नका. भावजी, पन्हं कळकलंय."

"ताई, जाऊ द्या ना," राजस कुजबुजला.

"काय जाऊ द्या? रात्री ओकत बसाल सगळे! भावजी, कल्हई केली होती याला?"

"कल्हई?"

"मग नयना दर फाल्गुनात याला कुठं नेत होती? हवा खायला?"

"मला वाटलं, घासायला."

"जन्मभर रेल्वेचं संशोधन केलंत आणि घरातलं तपेलं आतून नाही पाहिलंत! नयना असती ना, तर तुम्हाला इथंच बसवून गेली असती. भिक्षू म्हणून!"

कुणाला तरी हसू फुटले. मग हेमचंद्रराव स्वतःच हसले, मोठ्याने, आश्विनानंतर पहिल्यांदा. हसता हसता डोळ्यांतून पाणी आले, ते त्यांनी पुसले नाही. त्यांनी एक थेंब जिभेवर घेतला आणि थुंकून टाकला.

"राजस, मस्त म्हणालास ना रे? लबाडा!"

मग त्यांनी मला उचलले, शेळ्या जात नाहीत अशा खड्ड्यात पन्हे ओतले आणि वर माती लोटली. परत येऊन म्हणाले, "पुढच्या रविवारी सगळ्यांनी पुन्हा यायचं. पन्हं मीच करणार."

"आधी अनघाताईंना पाजा, काका," राजस म्हणाला, "मग आम्ही."

त्या आठवड्यात जुन्या बाजारात मला निखाऱ्यांवर तापवले, नवसागर टाकला, कथील फिरवले. हेमचंद्रराव शेवटपर्यंत धुरात उभे होते. माझे पोट आतून चांदण्यासारखे पांढरे झाले.

पुढच्या रविवारी गायरानातून आमची रांग आणखी लांब होती. पन्हे कळकल्याची गोष्ट कॉलनीभर झाली होती. मठात पहिला पेला अनघाताईंनी घेतला. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"गूळ जास्त झालाय," त्या म्हणाल्या आणि दुसरा पेला पुढे केला.

मित्रांनो, घरात माझ्यासारखे जुने भांडे असेल तर ते मोडीत काढू नका. आंबट घालण्याआधी आतून पाहा, कल्हई करून घ्या, ते तुमच्या नातवंडांनाही पुरेल. आणि दुःखातल्या माणसाने काही करून आणले, तर त्याला वाईट वाटेल म्हणून कळकलेले गिळू नका. त्याला सांगा. तो पुन्हा करील.