दम्याचा दाखला

हवाई दलाच्या वैद्यकीय मंडळाचे पत्र वासंतीबाईंनी दोनदा वाचले, चष्मा काढून टेबलावर आपटला आणि मुलाला हाक मारली, "रमण! इकडे ये. आणि तो फोन तिथेच ठेवून ये."

परदेशातल्या पामर्स्टन नॉर्थ शहरात येऊन आठ वर्षे झाली, तरी बाईंचा आवाज पुण्यातल्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका असतानाचाच होता. पन्नाशीचा रमण मुकाट्याने समोर उभा राहिला.

"पोर दोन दिवस जेवली नाही, म्हणून तिच्या टेबलावरचं हे पत्र मी वाचलं. इरावतीला दमा केव्हा झाला रे?"

लेखी परीक्षा, मुलाखती, उड्डाणाची चाचणी असे सगळे पार करून रमणची लेक परक्या देशाच्या सैन्यात हेलिकॉप्टर चालवण्याच्या उंबरठ्यावर येऊन ठेपली होती. आणि तिथे इथल्या डॉक्टरांच्या नोंदीतून एक ओळ वर आली होती: वय अकरा, दमा, तीन आठवडे विश्रांती. पंधरा दिवसांत खुलासा आला नाही तर अर्ज बंद.

"आई, तो दाखला तूच आणला होतास," तो पुटपुटला. "नीताच्या लग्नासाठी शाळा रजा देईना, म्हणून डॉक्टर मधुकरांकडून. इकडे आल्यावर सगळी फाइल इथल्या डॉक्टरांना दिली, त्यात तोही गेला."

वासंतीबाईंना सगळे आठवले आणि राग मस्तकात गेला. असले दाखले घेऊन येणाऱ्या पालकांना त्यांनी तीस वर्षे दारातच उभे केले होते. खोटे लिहून आणायला लाज नाही वाटत, असे विचारले होते. आणि आपल्या लेकीच्या, नीताच्या लग्नात नातीने करवली म्हणून मिरवावे, एवढ्यासाठी त्याच हातांनी त्यांनी तो कागद आणला होता.

"इरावतीला हे सांगितलंस?"

"तिने विचारलं. मी म्हटलं, होता दमा लहानपणी." रमणचा आवाज एकाएकी चढला. "वर्षभर तूच ओरडते आहेस ना? परक्या राजगादीशी निष्ठेची शपथ घेणार, परक्यांसाठी जीव धोक्यात घालणार म्हणून? आता आपोआप सुटतंय. डॉक्टर मधुकर गेले. विचारणार कोणाला?"

"मला!" टेबलावरची वाटी थरथरली. "मी नको म्हणते ते तिच्या तोंडावर म्हणते. तू पाठीमागून तिचे पंख छाटतोस आणि कात्री माझी वापरतोस? निर्लज्ज!"

दार उघडले. सायकलचे हेल्मेट डोक्यावर तसेच ठेवून इरावती आत आली. "आजी, गेटपर्यंत ऐकू येतंय. व्हॉट हॅपन्ड?"

"तुला दमा नव्हता. कधीच नव्हता. मी खोटा दाखला आणला होता. बस, लॅपटॉप उघड."

इरावतीने वडिलांकडे पाहिले. "बाबा, यू न्यू? माहीत होतं?"

रमणने मान खाली घातली.

"त्याच्याशी नंतर बोल. आधी लिही," बाई कडाडल्या. त्या सांगत गेल्या. तारीख, शाळा, लग्न, डॉक्टरांचे नाव, काही गाळले नाही. इरावतीची बोटे मध्येच थांबली.

"आजी, 'गैरसमज झाला' लिहू का? तेवढं वाईट वाटणार नाही."

"गैरसमज कोणाचा झाला? खोटं होतं. खोटं लिही."

कागद छापून आला. बाईंनी सही केली आणि खाली आपला हुद्दा लिहू लागल्या.

"ते नको ना, आजी," इरावती हळूच म्हणाली. "नुसतं नाव चालेल."

"आयुष्यभर याच हुद्द्याने लोकांना धारेवर धरलं. आज चूक कबूल करताना तो लपवू?" 'निवृत्त मुख्याध्यापिका' ही अक्षरे त्यांनी पूर्ण केली.

रमणने गाडीची किल्ली उचलली. "मी पोस्टात टाकून येतो."

"तू हात लावायचा नाहीस." पाकीट पदराखाली धरून त्या वाऱ्यात बाहेर पडल्या. फाटकापाशी थांबून त्यांनी मागे पाहिले.

"इरावती, त्या शपथेला माझा विरोध आहे तो आहेच. भात लाव. आल्यावर भांडू."