मुखपृष्ठावरचा माणूस

'मध्यंतर' या मासिकाच्या नावातला अनुस्वार नेमका बाबांच्या कपाळाच्या मधोमध येऊन बसला होता, आणि जरा लांबून पाहिलं तर गोळी लागल्यासारखं दिसत होतं. तिनं नाव थोडं वर सरकवलं तेव्हा गोळी केसांत गेली. खाली आणलं तेव्हा ती भुवयांच्या मध्ये उतरली. नाव बाबांच्या डोक्यामागे ढकललं तर अनुस्वारच गायब, उरलं 'मध्यतर' — आणि ज्यांना स्वतःचं नाव धड लिहिता येत नाही त्यांचं मासिक कोण विकत घेणार... शेवटी तिनं माउस सोडला आणि खुर्चीत मागे टेकून ती त्या काळ्या ठिपक्याकडे बघत राहिली. खरं म्हणजे ठिपक्याकडे नाही. ठिपक्याखालच्या माणसाकडे.

कॉलेजच्या लॅबमध्ये सकाळची सात-आठ डोकी होती आणि प्रत्येकाच्या पडद्यावर कुणी ना कुणी सुंदर माणूस हसत होता. काम सगळ्यांना एकच होतं: न निघालेला एक सिनेमा कल्पायचा आणि त्याच्यावर विशेषांक काढलाय असं समजून मासिकाचं मुखपृष्ठ करायचं. फोटो स्वतः काढलेला हवा. आज लॅब बंद व्हायच्या आत द्यायचं. बाकीच्यांनी आपापल्या वर्गातले देखणे चेहरे गाठले होते. ती मात्र रविवारी कॅमेरा घेऊन बाबांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मैदानावर गेली होती, कारण तिच्या सिनेमाचं नाव होतं 'मागची सीट', आणि त्यात एक ड्रायव्हर होता, जो एके दिवशी प्रवाशाला त्याच्या पत्त्यावर न सोडता सरळ पुढेच जात राहतो.

बाबांना राग येत नाही, हा घरातला जुना विनोद. शिकाऊ माणसानं गाडी भिंतीला लावली तर बाबा म्हणतात, "काही बिघडलं नाही. भिंत कुठे जात नाही, आपण मागे जाऊ." तर रविवारी बाबा गाडीत बसले, ती समोर बॉनेटला टेकून उभी राहिली, आणि काचेतून त्यांना सांगत राहिली — रागवा बाबा, अजून, कुणीतरी तुम्हाला फसवलंय असं बघा. बाबांनी डोळे वटारले, दात आवळले, एकदा तर मूठ उगारली. प्रत्येक फोटोत पोट दुखणाऱ्या माणसासारखे दिसले. दोघंही हसून हसून बेजार. मग ती म्हणाली, "जरा थांबा, उजेड बघते," आणि मान खाली घालून कॅमेऱ्याची बटणं फिरवता फिरवता सहज, नुसता उजेड कळावा म्हणून, एकदा खटका दाबला.

तो हा फोटो.

यात कुणी रागावलेलं नव्हतं. जबडा घट्ट होता, हात चाकावर सैल, आणि डोळे तिच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी, इतक्या शांतपणे की... काहीतरी ठरवलेला माणूस असतो, आणि त्यानं ते अजून कुणाला सांगितलेलं नसतं, तसा. बाबांबद्दल बोलताना ती नेहमी 'ते' म्हणायची, बाबा आले, बाबा जेवले. पण या माणसाला मनातल्या मनात 'तो' म्हणावंसं वाटत होतं. तो बसलाय. तो बघतोय. एकोणीस वर्षं एका घरात काढली आणि हा कधी भेटला नाही... की भेटत होता, आणि माझंच लक्ष नव्हतं?

"छान आहे," मागून सरांचा आवाज आला. डिझाइन शिकवणारे सर 'छान आहे' म्हणाले की पुढे 'पण' येतो हे सगळ्या वर्गाला पाठ होतं. "पण हा आपल्याकडे बघतच नाही. मुखपृष्ठावरच्या माणसानं वाचकाच्या डोळ्यांत बघायला हवं, हे पहिल्या दिवशी शिकवलंय मी. हा म्हणजे गिऱ्हाइकाकडे पाठ फिरवून बसलेला दुकानदार. दुसरे फोटो नाहीत?"

"आहेत. पण हाच घ्यायचाय."

"का?"

"हा खरा आहे," असं ती म्हणाली, आणि म्हणताक्षणी ते फार मोठं वाटलं.

"खरेपणाला गुण नाहीत," सर सौम्यपणे म्हणाले. "नजरेला आहेत. बघ काय ते."

ते पुढच्या पडद्याकडे गेले. तिनं बघितलं. मूठ उगारलेला फोटो उघडला, त्यातले डोळे कापून घेतले — त्यात बाबा थेट कॅमेऱ्याकडे बघत होते — आणि ते या चेहऱ्यावर आणून बसवले. कडा पुसल्या, सावली जुळवली. काम अगदी बेमालूम झालं. बाबा तिच्याकडे बघू लागले. जबडा त्या माणसाचा आणि डोळे घरातले, शहाणे, हसू दाबणारे... हे बाबा नव्हते आणि तोही नव्हता. दोघांना मारून केलेलं तिसरंच कुणीतरी होतं. तिनं घाईघाईनं डोळे काढून टाकले. जुनी नजर परत आली, तिच्या खांद्यावरून पलीकडे गेली, आणि तिला चक्क सुटल्यासारखं वाटलं. नाही. गुण जाऊ देत, सर जाऊ देत, हाच फोटो जाईल.

"ए, पण बाबांना दाखवलंयस ना?" शेजारची मैत्रीण चष्मा वर सरकवत म्हणाली. तिला सगळे ढापणी म्हणत, आणि नेमकं ज्याचं उत्तर नको असेल तेच विचारायची तिला कला होती. "माझ्या ताईनं स्वतःचा फोटो बघून रडून गोंधळ घातला. म्हणे, नाक असंच आहे का माझं? आता ताईचं नाक मी काय करणार?"

नाही. दाखवला नव्हता. ठरवून नव्हे, पण रविवारपासून रोज राहून गेलं होतं, आणि आता कळत होतं की राहून गेलेलं नव्हतं, राहू दिलेलं होतं. तिनं एक साधी प्रत छापून घेतली आणि दुपारच्या सुट्टीत बाहेर पडली.

रस्ता ओळखीचा होता, पाय आपोआप चालत होते, आणि डोक्यात आईची ती नेहमीची गोष्ट सुरू झाली. बाबा पूर्वी लांब पल्ल्याचे ट्रक चालवायचे. तू झालीस तेव्हा ते दूर कुठेतरी होते; आठवड्यानं आले, तर त्यांची वाढलेली दाढी बघून तू असं भोकाड पसरलंस की शेजारी धावत आले. त्याच महिन्यात त्यांनी मालकाच्या हातात किल्ली ठेवली... इथे आई थांबते, सगळे हसतात, बाबाही हसतात, आणि ती लहानपणापासून या जागी मनातून फुगून येते — माझ्यासाठी सोडलं. कधी कुणी विचारलं नाही की काय सोडलं. सोडलेली वस्तू कुठे जाते? ती वस्तू माणसाच्या चेहऱ्यात जाऊन बसते का, जबड्याच्या मागे, आणि मुलगी मान खाली घालून बटणं फिरवत असताना जरा वर येऊन बघते? तिनं हातातल्या प्रतीची गुंडाळी इतकी आवळली होती की कागद घामानं मऊ पडला.

मैदानावर बाबा नुकतेच एका आजोबांना गाडी मागे घ्यायला शिकवून मोकळे झाले होते. आजोबा घाम पुसत निघून गेले. बाबा शेजारच्या सीटवर होते, म्हणून ती ड्रायव्हरच्या जागी बसली.

"अरे, ठमाबाई! भरदुपारी? खाल्लंस का काही?"

"खाल्लं," ती खोटं बोलली, आणि गुंडाळी त्यांच्या मांडीवर ठेवली.

बाबांनी चष्मा लावला. कागद उलगडला, तो परत गुंडाळला जात होता, म्हणून दोन्ही हातांनी ताणून धरला.

"आरसा छान आलाय," मग म्हणाले.

"बाबा."

"आणि हा ठिपका कपाळावर कशाला?"

"तो हलवणार आहे मी. बाबा, तुम्ही यात कुठे बघताय?"

ते पुन्हा कागदाकडे वळले. फाटकाबाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली. ती वाट बघत राहिली. आज ती हटणार नव्हती, बाबा हसून विषय बदलतील तर तोच विषय परत पुढे ठेवणार होती, संध्याकाळपर्यंत.

"फाटक उघडं होतं," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचाच होता, क्लच आणि ब्रेक समजावून सांगताना असतो तसा. "रविवार, मैदान रिकामं. तिथून रस्ता दिसतो बघ सरळ, पार त्या वळणापर्यंत. आणि कितीतरी दिवसांनी मी चाकाच्या मागे होतो. रोज इकडे बसतो ना मी, शेजारी. मनात आलं, निघावं."

"कुठे?"

"कुठे असं नसतं त्यात."

"मग?"

"मग काय? तू उभी होतीस की गाडीच्या पुढ्यात, बॉनेटला टेकून." बाबा हसले, पण तिच्याकडे न बघता. "आणि तू म्हणालीस, बाबा, हनुवटी खाली. घेतली खाली."

बाबांनी काच थोडी खाली केली, परत वर केली. तिला विचारायचं होतं — मी नसते तर? म्हणजे पुढ्यात नसते तर, म्हणजे... वाक्य जिभेवर होतं आणि त्याला दोन तोंडं होती, आणि कुठल्या तोंडानं ते बाहेर पडेल याची तिला भीती वाटली. तिनं दुसरंच विचारलं.

"छापू का हा?"

"सरांना आवडला?"

"नाही."

"मग?"

"मला आवडला. पण चेहरा तुमचा आहे. तुम्ही नको म्हणालात तर मूठवाला देते."

"मूठवाला नको," बाबा लगबगीनं म्हणाले, "त्यात मी येडा दिसतो." मग कागदावरून एकदा बोट फिरवलं, जबड्यावरून, जणू दुसऱ्या कुणाची दाढी राहिलीय का बघताहेत. "दे हाच. फक्त आईला तू दाखवू नकोस. मी दाखवतो." आणि जरा थांबून, "ही सिनेमाची गोष्ट तुला कुणी सांगितली? पत्त्यावर न सोडता जाणाऱ्याची?"

"कुणी नाही. सुचली."

"हं," बाबा म्हणाले.

काचेवर टकटक झाली. पुढची शिकाऊ बाई येऊन उभी होती, हातात पर्स घट्ट धरून. आणि लेकीच्या डोळ्यांदेखत बाबांचा चेहरा बदलला. भुवया वर गेल्या, ओठांच्या कडा सुटल्या, सगळं मऊ, उघडं, धीर देणारं झालं. "या या, आज आपण चढावर थांबायला शिकू, अजिबात घाबरायचं नाही..." हा चेहराही खोटा नव्हता. तिनं नीट पाहिलं. अजिबात खोटा नव्हता. तेच तर तिला कळेना, दोन्ही खरे असतील तर राहायला जागा कशी पुरते एका माणसाला.

परत लॅबमध्ये आली तेव्हा तिला काय करायचं ते स्वच्छ माहीत होतं. तिनं बाबांना पानाच्या पार उजव्या कडेला नेलं, इतकं की एक कान आणि खांदा कापला गेला, जाऊ दे. डावीकडची सगळी जागा मोकळी सोडली, ते बघत होते ती बाजू. मुखपृष्ठावरची 'दहा नव्या चेहऱ्यांच्या मुलाखती' ही ओळ काढून टाकली. 'पडद्यामागच्या भानगडी' काढून टाकलं, त्याचं थोडं वाईट वाटलं, शब्द चांगला होता. मासिकाचं नाव वर डावीकडे मोकळ्या जागेत लिहिलं. त्या रिकाम्या जागेत बाबांच्या नजरेच्या रेषेवर, बारीक अक्षरांत, फक्त सिनेमाचं नाव. बारकोड खाली कोपऱ्यात. बस.

सर येऊन उभे राहिले. बराच वेळ पेनचं टोक आतबाहेर करत राहिले.

"अर्धं पान रिकामं?"

"रिकामं नाही, सर. तो तिकडे बघतोय."

"अजूनही आपल्याकडे बघत नाही."

"नाही. आपणच त्याच्याकडे बघायचं."

सरांनी मान हलवली. पटल्याची की हरल्याची, कळलं नाही. "गुण जातील, सांगून ठेवतो," म्हणाले, पण पुढच्या पडद्याकडे जाता जाता एकदा मागे वळून पानाकडे पाहिलं.

काम देऊन ती बाहेर आली तेव्हा ऊन उतरलं होतं. सकाळपासून अंगात जी एक ताठ तार होती, हाच फोटो, दुसरा नाही, ती आता सुटायला हवी होती. काम झालं होतं. सुटली नाही. तीच तार होती, तितकीच ताठ, पण तिचं दुसरं टोक आता कागदाला बांधलेलं नव्हतं. बाबांनी एकदा जावं, असं तिला वाटत होतं. एकटं, चाकाच्या मागे, कुठे असं नसलेल्या ठिकाणी. आपण हे त्यांना म्हणायचं, आजच, जेवताना, आईसमोर. आणि हे इतकं स्पष्ट वाटत असतानाच आत कुठेतरी दाढी बघून रडणारं एक मूल हात पसरून गाडीच्या पुढ्यात उभं होतं, आणि ते काही केल्या बाजूला व्हायला तयार नव्हतं. ती त्याला समजावत चालू लागली... येतील ते परत, अगं, येतील — आणि ती म्हणजे मीच; येतील की नाही हे मला माहीत नव्हतं, तरीही मी समजावत होते, आणि पाय घराकडे भराभर पडत होते.