एक्सच्या सहा जागा

"मॅडम, तुमचं तं आज मौन. मान हालवा आन् सही करून टाका," विभागप्रमुख कैलाश सर हसत म्हणाले. निकालाचा कागद त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

सोमवारी बारापर्यंत मी बोलत नाही. अठरा वर्षांचं व्रत आहे. कॉलेजात सगळ्यांना ते माहीत आहे, आणि विभागाच्या बैठका नेमक्या सोमवारी सकाळीच होतात.

रत्नमालाच्या नावापुढे 'अनुत्तीर्ण' होतं. दोन गुणांनी. एम.एस्सी.चं तिचं शिक्षण तिथेच थांबणार होतं. मी तिची उत्तरपत्रिका ओढली. पाच गुणांचा प्रश्न होता: पूर्णांक सहगुणकांच्या बहुपदींच्या रिंगमधून शून्य ते पाच या सहा संख्यांच्या रिंगमध्ये होमोमॉर्फिझम, म्हणजे बेरीज-गुणाकार जपणाऱ्या जोडण्या, किती? प्रश्नातच अट होती, एक हा एकाकडेच गेला पाहिजे. तिने लिहिलं होतं, सहा. बहुपदीतला एक्स कुठे जातो ते ठरवलं की प्रत्येक बहुपदी कुठे जाईल ते आपोआप ठरतं. आणि एक्सला सहाही जागा मोकळ्या आहेत. त्यावर लाल फुली. सरांच्या आदर्श उत्तरात चार.

ज्यांचा वर्ग करून सहाने भागलं की बाकी तीच संख्या उरते, त्या शून्य, एक, तीन आणि चार एवढ्याच जागा सरांनी धरल्या होत्या. अहो, तसली अट एक कुठे जातो त्यावर असते, एक्सवर नाही! पहिल्या आठवड्यात शिकवतो आपण हे.

मी उठले आणि फळ्यावर सहाही लिहून काढले. सरांनी गाळलेल्या दोन आणि पाचखाली खडू मोडेपर्यंत रेघ ओढली.

सर फळ्याकडे बघत राहिले. समजलं होतं त्यांना.

"असू द्या ना. उत्तर बदलवलं तं सगळ्याइचे पेपर काढा लागन. तिले दोन ग्रेस देऊन टाकू. पुनर्वसनाच्या गावातून येऊन राह्यली, पास झाली म्हंजे झालं!"

घड्याळात साडेदहा वाजले होते.

"ग्रेस कायले?" मी म्हणाले. आवाज असा निघाला की शेजारी बसलेल्या रीता मॅडमच्या हातचा चहा बशीत सांडला. "चूक तुमची आन् उपकार तिच्यावर?"

"मोडलं वाटते मौन."

"मोडलं. देवापुढे काय सांगायचं ते मी सांगीन. तुमी त्या लाल फुलीचं सांगा."

रत्नमाला निकाल ऐकायला दाराशीच उभी होती. सरांनी तिला आत बोलावलं. "पोरी, दोन मार्क देऊन राह्यलो. घे आन् जा. नाही तं निकाल अडकन, मंग रडत येशीन."

तिने फळा वरपासून खालपर्यंत वाचला.

"मॅडम, सहाच हायेत ना?"

"सहाच."

"मंग ग्रेस नोको, सर. माहे पाच मार्क द्या."

मी सही न करता कागद परत सरकवला. सरांनी डस्टर उचललं. रत्नमाला फळ्यासमोरून हलली नाही.