प्रबुद्धचे पथ्य आणि मी

मित्रांनो, काळ्या दगडाचे, चांगले जाडजूड आणि वयाने तुमच्या आजीच्या बरोबरीचे असे मी एक जाते आहे. हैदराबादेत, नल्लकुंट्याच्या एका घरात राहते.

नांदेडकडच्या पाथरवटाने मला घडवले. याच घरच्या चतुराबाईंच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी मला बैलगाडीत घालून दिले आणि नवऱ्याच्या नोकरीमागे त्या शहरात आल्या, तशी मीही आले. वर्षानुवर्षे मी त्यांची ज्वारी दळली. मग दिवस पालटले. कोपऱ्यावर पिठाची चक्की आली, घरात मिक्सर आला, रंगीत टीव्ही आला, भाकरी गेली आणि पोळी आली. चतुराबाई ठसक्यात म्हणायच्या, "भाकरीवर लई दिवस काढले. माझी लेकरं आता गहूच खातील." माझी रवानगी मागच्या अंगणात, संडासाच्या दाराशी झाली. वर पाण्याची बादली बसली. मला राग आला, पण दगडाचा राग कोण विचारतो!

तिथूनच मला प्रबुद्धचे हाल दिसले. चतुराबाईंचा हा थोरला मुलगा दिलसुखनगरच्या एका क्लासमध्ये संगणक शिकवायचा. त्याला एचआयव्ही होता. त्याची औषधे तो घड्याळ लावून घ्यायचा, पण चार महिने जुलाब थांबेनात. दिवसातून आठ-आठ वेळा तो बादली उचलायचा. पुढे तीही उचलेना, तेव्हा बहीण रेणुका पाणी भरून द्यायची. लेकरू वाळतेय म्हणून चतुराबाई तूप लावून दोन पोळ्या जास्तच वाढायच्या.

डॉक्टर सुजाताबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या आणि शेवटी गहू बंद करून बघा म्हणाल्या. औषधे मात्र एक दिवसही चुकवायची नव्हती. चतुराबाईंच्या जिवाला लागले.

"आजारी लेकराला भाकरी घालू? लोक काय म्हणतील?"

"माय, लोकांना नक्को विचारू," प्रबुद्ध म्हणाला. "माझ्या पोटाला विचार."

भाकरी सुरू झाली. दहा दिवस गेले, फरक शून्य. प्रबुद्ध अंगणात भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "बस झालं, माय. उद्या क्लासला राजीनामा देतो. शिकवता शिकवता किती वेळा पळू?" त्याचा आवाज ऐकून माझ्यासारख्या दगडालाही भरून आले.

तेवढ्यात रेणुका चक्कीवरून ज्वारीचे पीठ घेऊन आली. डबा खाली ठेवता ठेवता ती थबकली.

"माय, आपल्या आधी चक्कीत काय पडलं होतं, सांगू? गहू. रोज गहूच असतो! पहिलं पीठ त्याचंच येतं की आपल्या डब्यात."

हे घरोघरी ठाऊक असते. मूठभर पिठाने काय बिघडते, म्हणून कुणी मनावर घेत नाही. चतुराबाईंनी डबा दूर सारला. "बाई गं! पथ्य म्हणून मीच गहू घालत होते त्याच्या पोटात." मग त्यांची नजर माझ्यावर पडली आणि बादली खाली उतरली.

मला घासूनपुसून पाथरवटाकडून टाकी लावून, म्हणजे छिन्नीने टोचून खरखरीत करून घेतले. आतले उरलेसुरले निघून जावे म्हणून पहिली दोन पायली ज्वारी दळून गाईला घातली आणि मगच प्रबुद्धची भाकरी थापली. आता सांगते, तोऱ्यानेच सांगते: माझ्या पिठात गव्हाचा कणही नव्हता. आठवड्यात जुलाब निम्म्यावर आले. महिन्याने तो क्लासवरून आला, तो थेट माझ्यापाशी.

"सरक, माय. मी दळतो."

"अरे, दमशील!"

"दमू दे. आज दिवसभरात एकदाच गेलोय."

त्याने माझा लाकडी खुंटा धरला. चतुराबाई माझ्या तोंडात वैरण, म्हणजे मूठमूठ ज्वारी घालत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. माझा वरचा दगड त्याने थांबत थांबत का होईना, पसाभर पीठ पडेपर्यंत फिरवला.

मित्रांनो, माझ्या पिठाने एचआयव्ही बरा होत नाही. प्रबुद्ध औषधे अजून घेतोच. गहूही सगळ्यांना बाधत नाही, ते डॉक्टरांना ठरवू द्या. पण आजारी माणसावर माया करायची, तर त्याच्या ताटातला घास कुठून आला, ते चक्कीपर्यंत जाऊन बघा. आणि तो खुंटा धरायला आला, की सरकून त्याला जागा द्या.